एर्लांगेनमध्ये हिवाळ्यात पहाटे चालवायला सायकल हवीये, सगळं मिळून २०० युरोत बसेल का?

कृष्णाकाठची_पोर
९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, मी ऑक्टोबरपासून जर्मनीत एर्लांगेनला मास्टर्स करतेय, मूळची सांगलीची. खोली मिळालीये ब्यूखेनबाखला आणि कॉलेज पार दुसऱ्या टोकाला झ्यूडगेलेंडला, म्हणजे मधे कालवा आणि रेग्निट्झ नदी ओलांडून साधारण ६ किलोमीटर. आत्तापर्यंत बसवर भागत होतं पण आता कॉलेजच्याच बाजूला एका बेकरीत शनिवार-रविवारचं काम मिळालंय, पहाटे ५ ला हजर व्हायचं, आणि रविवारी मला त्या वेळेला पोचवेल अशी बसच नाही. मागचे दोन रविवार चालत गेले, सव्वा तास लागतो, घरातून साडेतीनला निघायचं, नदीवरच्या रस्त्याला इतकं धुकं असतं की पुढचा दिव्याचा खांब दिसत नाही. म्हणून सायकल घ्यायचीच असं ठरवलंय.

बजेट २०० युरो आणि त्यातच कुलूप, दिवे, सगळं. घरून पैसे मागवायचे नाहीयेत, शिक्षणाचं कर्ज आधीच बाबांच्या डोक्यावर आहे.

तीन सायकली बघून ठेवल्यात. एक नवीकोरी माउंटन बाइक आहे, २१ गिअर, पुढे सस्पेंशन, जाड टायर, २४९ ला आहे पण सेलमध्ये २०० ला येईल असं दुकानदार म्हणाला. दुसरी क्लाइनआनझाइगनवर, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर, ६० युरो, हलकी आहे पण दिवे, मडगार्ड काही नाही, विकणारा म्हणतो की स्टेशनवर येऊन घेऊन जा, घरचा पत्ता देत नाही. तिसरी एका आजींची, ११० युरो, २८ इंची, जुनी जड लेडीज सायकल, ७ गिअर आहेत पण मागे गिअरची चकत्यांची उतरंडच दिसत नाही, नुसतं एक जाडजूड हब आहे, आणि पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो म्हणे.

मला तर पहिली बरी वाटतेय कारण जाड टायर बर्फात घसरणार नाहीत ना? सांगलीत शाळा-कॉलेज धरून बारा वर्षं सायकल चालवलीये त्यामुळं सायकलची भीती नाही, पण बर्फ मी आयुष्यात कधी बघितलेला नाहीये. लोक खरंच बर्फात सायकल चालवतात का, का हिवाळ्यात ठेवून देतात? उंची ५ फूट १ इंच आहे, हेही सांगून ठेवते.

फ्रँकोनियातला_अण्णा
९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

पोरी, आधी ती २०० ची नवी माउंटन बाइक डोक्यातून काढून टाक. मी २००९ पासून या भागात आहे, न्यूर्नबर्गला पाच वर्षं आणि मग एर्लांगेनला, बारा महिने सायकलवरच कामाला जातो, आणि पहिल्या वर्षी मी अगदी तशीच सायकल घेतली होती. डिसेंबरात रस्त्यावर मीठ टाकायला लागले आणि मार्चपर्यंत चेन लाल झाली, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, मधेच अडकायला लागला, पुढचं सस्पेंशन तर आत पाणी आणि मीठ जाऊन एकदम कडक. स्वस्तातलं सस्पेंशन म्हणजे नुसतं दोन किलो जास्तीचं लोखंड असतं, डांबरी रस्त्यावर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय त्या सायकलला मडगार्ड नसणार, दिवे नसणार, कॅरिअर नसणार, ते घालता घालता तू ३०० च्या पुढे जाशील आणि कुलूप राहूनच जाईल.

६० वाली पण नको. जो माणूस घरचा पत्ता देत नाही, स्टेशनवर बोलावतो, त्याची सायकल चोरीची असू शकते, आणि इथे चोरीची निघाली तर सायकलही जाते आणि पैसेही जातात, तू चांगल्या मनाने घेतलीस हे सांगून उपयोग नसतो. कुठलीही जुनी सायकल घेताना फ्रेमवरचा नंबर बघ, तो खरवडलेला असेल तर लगेच निघ. आणि एका कागदावर दोघांची नावं, पत्ते, फ्रेम नंबर, किंमत लिहून दोघांच्या सह्या घे. आडीएफसी म्हणून सायकलवाल्यांची मोठी संस्था आहे, त्यांच्या साइटवर या कराराचा तयार नमुना फुकट मिळतो.

आजींची सायकल बघ. तुला जे जाडजूड हब दिसतंय तेच या सायकलचं खरं धन आहे. गिअर सगळे त्या हबच्या आत बंद असतात, त्यामुळं मीठ, चिखल, बर्फ काही आत जात नाही. बाहेर फक्त एक चेन, ती पण जाड, सरळ रेषेत चालणारी आणि बहुतेक चेनकव्हरच्या आत. ७ गिअर म्हणजे शक्यतो शिमानो कंपनीचं नेक्सस हब असेल, त्याचे सुटे भाग इथे कुठल्याही दुकानात मिळतात. उलट्या पायडलच्या ब्रेकला इथे र्‍यूकट्रिट म्हणतात. इथून जवळच श्वाइनफुर्टला झाक्स कंपनीने १९०३ मध्ये टॉर्पेडो नावाचं या ब्रेकचं हब आणलं आणि तेव्हापासून अख्खा जर्मनी यावरच वाढलाय. फायदा काय, तर ब्रेक हबच्या आत असतो. रिमला धरणारे रबरी ब्रेक ओल्या रिमवर पहिले दोन-तीन फेरे नुसते घसरतात, हा तसा ओला होत नाही. हातात जाड मोजे असले, बोटं बधिर झाली तरी पायाने ब्रेक लागतो. सवय व्हायला मात्र आठवडा जातो, सिग्नलला थांबल्यावर पायडल उलटं फिरवून वर आणायची सवय असते ना आपल्याला, ते इथे होत नाही.

दिवे कसे आहेत ते विचार. पुढच्या चाकाच्या हबमध्येच डायनॅमो असेल तर डोळे झाकून घे. टायरला घासणारा बाटलीसारखा जुना डायनॅमो असेल तर तो पावसात आणि बर्फात टायरवरून घसरतो, दिवा मिणमिणतो, म्हणजे तुला वेगळे बॅटरीचे दिवे लागतील, आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. तू पहाटे साडेचारला धुक्यातून जाणार आहेस, डिसेंबरअखेर इथे उजाडायलाच ८ वाजतात आणि संध्याकाळी सव्वाचारला अंधार, म्हणजे तुझी सायकल जवळजवळ अंधारातच चालणार. दिव्याशिवाय पकडलं तर २० युरो दंड आहे, पण दंडाचं सोड, गाडीवाल्याला तू दिसली पाहिजेस. दिव्यावर नागमोडी रेघ, ठळक के आणि पुढे नंबर असा शिक्का असतो तोच इथे कायदेशीर, आणि मागचा लाल दिवा लुकलुकणारा चालत नाही, स्थिर लागतो. पायडलला पिवळे आणि चाकांना रिफ्लेक्टर आहेत का बघ, घंटी आहे का बघ.

आता बर्फाचं. आपण मराठीत दोन्हीला बर्फच म्हणतो, पण सायकलवाल्यासाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभाळातून पडलेला भुसभुशीत बर्फ, तो ताजा असताना त्यात सायकल बऱ्यापैकी चालते, जरा जड जाते एवढंच. खरा धोका आहे रस्त्यावर गोठलेल्या पाण्याचा, काचेसारखा पातळ थर, जो दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. त्याच्यावर जाड टायरही घसरतो आणि बारीकही घसरतो, रबराला तिथे धरायला काही नसतंच. एर्लांगेनमध्ये ढीगभर बर्फ पडतोय असे दिवस थोडे, पण शून्याच्या आसपासची, संध्याकाळी ओलं आणि पहाटे गोठलेलं, असे दिवस भरपूर. आणि पूल सगळ्यात आधी गोठतो कारण त्याला खालूनही वारा लागतो. तुझ्या वाटेवर एक कालव्याचा आणि एक नदीचा, आणि खाली सगळी ओली कुरणं.

म्हणून माझं मत असं की सायकल ११० च्या आत घे, आणि उरलेल्यातून पुढच्या चाकाला खिळ्यांचा टायर घाल. जर्मनीत गाड्यांना खिळ्यांच्या टायरना बंदी आहे पण सायकलला चालतात. एक टायर ३५ ते ५० युरोला येतो. पुढचं चाक घसरलं तर माणूस पडतोच, मागचं घसरलं तर सावरता येतं, म्हणून एकाचेच पैसे असतील तर पुढे.

बाकी शहराचं म्हणशील तर सायकलसाठी तू चांगल्या गावात आलीयेस. इथे १९७२ ते १९९६ डीटमार हालवेग महापौर होते, त्यांनी बाकी शहरं गाड्यांसाठी रस्ते रुंद करत होती तेव्हाच सायकलसाठी वाटा काढल्या. त्यामुळं इथे घरोघरी तळघरात अशा जुन्या चांगल्या सायकली पडून आहेत, आणि नोव्हेंबर ते जानेवारी कोणी घेत नाही म्हणून भाव पडतात. आजींशी नम्रपणे बोल, १० ते १५ युरो कमी करतील.

ओउलूची_ताई
१० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी फिनलंडमध्ये ओउलूला असते, उणे २० ला पण ऑफिसला सायकलनेच जाते, मुलगा शाळेत सायकलने जातो, इथे ते कुणाला विशेषच वाटत नाही. हिवाळ्यातल्या सायकलिंगची आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदा भरली ती आमच्याच गावात, २०१३ ला. तर हो, लोक खरंच बर्फात सायकल चालवतात.

अण्णांच्या एका गोष्टीशी मात्र मी सहमत नाही. पुढे एकच खिळ्यांचा टायर ही पैशाची काटकसर म्हणून ठीक आहे पण ब्रेक जर मागच्या चाकाला, तो पण पायाचा, असेल तर गोठलेल्या रस्त्यावर तो लावला की मागचं चाक लगेच लॉक होतं आणि सायकल आडवी फिरते. मी तशी पडलेय. म्हणून जमेल तेव्हा दुसराही घे, जानेवारीच्या पगारात का होईना. आणि तोपर्यंत ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना, हळूहळू लावायचा, वळताना अजिबात नाही. पूल आला की पायडल मारत राहायचं पण हळू, हँडल सरळ, ब्रेकला हात-पाय लावायचा नाही.

खिळ्यांचे टायर घेताना खिळे किती ते बघ. कॉन्टिनेंटलच्या टायरच्या नावातच १२० किंवा २४० असा आकडा असतो. कमी खिळेवाल्यात ते मधोमध जवळजवळ असतात, सरळ जाताना चांगले. जास्तवाल्यात कडेलाही असतात, म्हणजे चाक तिरकं झालं तरी धरतात. तुझ्या ६ किलोमीटरला १२० वाला पुरेल. नवा टायर घातला की पहिले ३०-४० किलोमीटर कोरड्या डांबरावर शांतपणे चालव, जोरात ब्रेक नाही, म्हणजे खिळे आपापल्या जागी नीट बसतात. आवाज येतो टकटकटक, घाबरू नकोस.

अजून एक जे कोणी सांगत नाही. सायकल रात्री गरम जागेत ठेवायची नाही. आपल्याला वाटतं बिचारी थंडीत कशाला, म्हणून आपण ती जिन्यात हीटरशेजारी आणतो, मग तिच्यावरचा बर्फ वितळतो, पाणी केबलच्या आत शिरतं, आणि पहाटे बाहेर काढली की तेच पाणी आत गोठतं. गिअर बदलत नाही, ब्रेकची केबल अडकते. एकतर सगळा वेळ बाहेरच छपराखाली ठेव, नाहीतर आत आणली तर पूर्ण कोरडी होईपर्यंत आत ठेव. सीटवर प्लास्टिकची पिशवी घाल. कुलपाचं भोक खालच्या बाजूला राहील असं लाव, गोठलंच तर त्याच्यावर गरम पाणी ओतू नकोस कारण ते पाणी परत आत गोठतं, किल्ली तळहातात नाहीतर खिशात गरम करून हळूहळू फिरव.

कपड्यांचं, पायात आणि हातात पैसे घाल, अंगाला तर पायडल मारून दहा मिनिटांत गरम होतं, निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे असेच कपडे हवेत. हेल्मेटखाली आपली साधी कानटोपी बेस्ट, माझी आईने विणलेली अजून वापरते.

पेठेतला_सायकलवाला
१० नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी पुण्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो, वडिलांपासूनचं आहे. बर्फाचं मला काही माहीत नाही त्यामुळं त्यावर बोलणार नाही पण जुनी सायकल बघून घ्यायची कशी ते सांगतो, ते सगळीकडे सारखंच.

बाळ, सायकल बघायला दिवसाउजेडी जा. आधी पुढचं चाक उचलून फिरव आणि ब्रेकच्या गुटक्याकडे बघ, रिम डावी-उजवी नाचत असेल तर आउट आहे, थोडा आउट चालतो, तारा ओढून निघतो. मग चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलव, खटखट लागलं तर हबचे कोन ढिले आहेत किंवा छर्रे गेलेत. क्रँक धरून तसंच आडवं हलव, तिथे खटखट असेल तर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो भाग, गेलंय, त्याचा खर्च आहे, किमतीतून वळता करून घे. हँडल डावी-उजवीकडे फिरव, मधे एका ठिकाणी अडकल्यासारखं वाटलं तर हँडलच्या बेअरिंगचे कप झिजलेत. फ्रेमला जिथे नळ्या जोडतात तिथे गंज आहे का नुसता डाग आहे ते नखाने खरवडून बघ. रिमचा कडेचा भाग बोटाने चाचप, खोलगट झाला असेल तर ब्रेकने खाल्लाय, ती रिम नको. सातही गिअर चालवत चालवत बदलून बघ, एखाद्या गिअरला पायडल रिकामं फिरलं तर केबल तरी ढिली आहे नाहीतर हब आतून गेलंय. केबलचा प्रॉब्लेम दहा मिनिटांचा, हब उघडायचं काम मोठं, त्यामुळं शंका आली तर जवळच्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आणि टायरच्या कडेला आकडे असतात ते लिहून आण, ३७-६२२, ४७-५५९ असे काहीतरी. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. नुसतं २६ इंची, २८ इंची यावर टायर आणायला जाऊ नकोस, आपल्याकडच्या २६ बाय १ ३/८ ची रिम ५९० ची आणि माउंटन बाइकच्या २६ ची ५५९ ची, दोन्ही २६ च म्हणवतात आणि एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. माझ्याकडे आठवड्याला एक तरी माणूस चुकीचा टायर घेऊन येतो.

सायकल आणलीस की चेनला तेल घाल पण आधी फडक्याने पूस आणि घातल्यावर परत पूस, वरचं तेल राहिलं तर माती धरतं. गंज काढायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे, तो आतलं तेल पण धुवून नेतो.

नेकारकाठी
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

मी श्टुटगार्टला असते. वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त एक सांगायला लिहितेय. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत रिमझिम पाऊस पडत होता आणि जमीन गोठलेली, म्हणजे पाऊस पडल्या पडल्या काच होत होती, आणि मला उशीर झाला होता म्हणून मी निघाले. साध्या टायरवर. पुलाच्या मध्यावर गेले आणि काही कळायच्या आत खाली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, लिहिता येईना म्हणून परीक्षा पुढच्या सत्रात गेली.

म्हणून बेकरीत आत्ताच, आधीच बोलून ठेव की असा गोठणारा पाऊस असेल त्या दिवशी मी चालत येईन आणि उशीर होईल. बरेच जण समजून घेतात, पण त्या दिवशी पहाटे फोन करण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. निघायच्या आधी हवामान खात्याचं ॲप बघायचं, डीडब्ल्यूडीचं, त्यात घसरड्याचा इशारा येतो. इथे घरासमोरचा फुटपाथ साफ करायची जबाबदारी घरवाल्यांची असते पण ती साधारण सकाळी ७ पासून, रविवारी त्याहून उशिरा, आणि तू जाणार साडेचारला, तेव्हा तुझ्या आधी कोणी खडी किंवा मीठ टाकलेलं असेल हे धरूनच चालू नकोस. आणि जिथे खडी टाकतात ती धारदार असते, पंक्चर होतं, म्हणून एक जास्तीची ट्यूब आणि छोटा पंप पिशवीत.

कृष्णाकाठची_पोर
१३ नोव्हेंबर, रात्री ९:००

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. नवी माउंटन बाइक रद्द, ६० वालीला मेसेज करून नाही सांगितलं.

आज दुपारी आजींकडे जाऊन आले. त्यांनी सायकल तळघरातून वर आणायला शेजाऱ्यांना बोलावलं होतं. सायकलवाले काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं हलवून बघितलं. पुढच्या चाकाला थोडा आउट आहे, क्रँक घट्ट आहे, हँडल छान फिरतं. चौथ्या गिअरला पायडल एकदा रिकामं फिरलं, बाकी सहा व्यवस्थित. चेनला गंज आहे. डायनॅमो पुढच्या हबमध्ये आहे, अण्णा! चाक हाताने फिरवल्यावर लगेच दिवा लागला. हबवर नेक्सस लिहिलंय. टायरवर ३७-६२२. फ्रेमच्या नळीचं माप आजींनीच टेपने मोजून दिलं, ४६ सेंटीमीटर. मी बसले तर नुसते चवडे टेकतात.

पण परत येताना रूममेटने तिच्या मैत्रिणीची सायकल दाखवली, ती ७० युरो, २६ इंची, ३ गिअर, आणि माझ्या मापाची एकदम, दोन्ही पाय पूर्ण टेकतात. टायरवर ३७-५९० आहे. ४० युरो वाचतात आणि पडायची भीती कमी वाटते. आता काय करू, उद्यापर्यंत आजींना सांगायचंय.

पेठेतला_सायकलवाला
१४ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

चौथ्या गिअरला रिकामं फिरलं म्हणजे बहुतेक केबलच आहे. नेक्ससची केबल चौथ्या गिअरवर ठेवूनच जुळवतात. चौथा टाकायचा, हबपाशी दोन खुणेच्या रेघा असतात त्या एका सरळीत आल्या पाहिजेत, नसतील तर गिअरच्या मुठीपाशी केबलला जो फिरवायचा स्क्रू आहे तो थोडा थोडा फिरवून रेघा जुळव. आजींच्या दारातच करून बघ, दोन मिनिटांचं काम आहे. जुळलं आणि परत रिकामं फिरलं नाही तर बिनधास्त घे.

फ्रँकोनियातला_अण्णा
१४ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

५९० वाली नको. सायकल वाईट आहे म्हणून नाही, पण त्या मापात खिळ्यांचा टायर मिळणं फार कठीण आहे, आणि आपण सायकल घेतोय तीच मुळी हिवाळ्यासाठी. ६२२ हे इथलं सगळ्यात चालणारं माप आहे, सगळं मिळतं. पाय टेकायचं तू म्हणतेस ते अगदी बरोबर आहे, गोठलेल्या रस्त्यावर पाय लगेच खाली आला पाहिजे, पण त्यासाठी सीट खाली घे. एरवी पाय जवळजवळ सरळ होईल एवढी उंच सीट चांगली, गुडघ्याला बरं, पण हिवाळ्यात मी स्वतः दोन-तीन सेंटीमीटर खालीच ठेवतो. ४६ ची फ्रेम तुझ्या उंचीला चालते, फक्त सीटची नळी आणखी खाली जाते का, का आत गंजून अडकलीये, ते पैसे द्यायच्या आधी बघ. हे फार महत्त्वाचं आहे, जुन्या सायकलींत ती नळी फ्रेममध्ये धरून बसते.

आणि मडगार्ड आणि टायरच्या मधे बोट जातंय का बघ. खिळ्यांचा टायर थोडा उंच असतो, शिवाय बर्फ मधे साचतो. बोट गेलं तर ३५ किंवा ३७ रुंदीचा बसेल, त्याहून रुंद घेऊ नकोस.

ओउलूची_ताई
१४ नोव्हेंबर, सकाळी १०:००

अण्णांशी सहमत. आणि हवा थोडी कमी ठेव, टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, हिवाळ्यात कमीकडच्या बाजूला. टायर जमिनीला जास्त टेकतो आणि खिळे काम करतात.

कृष्णाकाठची_पोर
७ डिसेंबर, दुपारी ४:३०

सांगायचं राहून गेलं, परीक्षा आणि काम यात वेळच मिळाला नाही. सायकल घेतली! आजींच्या दारात काकांनी सांगितलं तसं चौथा गिअर टाकून रेघा जुळवल्या, खरंच केबल होती, आता सातही गिअर व्यवस्थित. सीटची नळी अडकलेली होती पण आजींच्या शेजाऱ्यांनी तेल घालून अर्धा तास थांबून मग पिळून खाली केली, आता दोन्ही पाय टेकतात. मी कमी करा म्हणायच्या आधीच आजींनी ९५ सांगितले, आणि त्यांच्या नवऱ्याची जुनी पिशवी कॅरिअरला लावायला दिली, त्यांचे यजमान सीमेन्समध्ये होते आणि त्यांच्यासोबत त्या याच सायकलवर फिरायच्या म्हणे. कागदावर सह्या करताना त्यांचे डोळे भरून आले होते.

हिशोब देते, कुणाला पुढे उपयोग होईल म्हणून. सायकल ९५, पुढचा खिळ्यांचा टायर १२० वाला ३८, कुलूप ३५, नवी चेन ११, ब्रेकचे गुटके ६, हातमोजे १४. एकूण १९९. टायर आणि चेन विद्यापीठातल्या दोन मुलांच्या मदतीने मीच बसवली, रिमचा आउट तेवढा अजून काढायचाय. ट्यूब आणि पंप रूममेटचा घेऊन फिरते.

आज पहाटे पहिल्यांदा खरं गोठलेलं होतं. पिशवी काढली तर सीट कोरडी, कुलूप खाली तोंड करून लावलं होतं ते लगेच उघडलं. कालव्यापर्यंत काही वाटलं नाही आणि मग नदीवरच्या पुलावर चढले तर पुढच्या टायरचा टकटक आवाज एकदम बदलला, बारीक करकर असा, तेव्हा कळलं की खाली डांबर नाहीये, काच आहे. ताईंनी सांगितलं तसं हँडल सरळ धरलं, ब्रेकला हात नाही, पाय नाही, हळू पायडल मारत राहिले. मागचं चाक एकदा थोडं सरकलं आणि परत आलं. पुढचं कणभर हललं नाही. पलीकडे उतरल्यावर थांबले, हात थरथरत होते, थंडीने नाही. पाचला पाच कमी असताना बेकरीत पोचले.

बेकरीतल्या बाईंशी नेकारकाठी ताईंनी सांगितलं तसं आधीच बोलले होते, त्या म्हणाल्या गोठणाऱ्या पावसाच्या दिवशी त्या स्वतः गाडीने येताना मला ब्यूखेनबाखवरून घेतील, त्यांची वाट तिथूनच आहे.

आता मागचा टायर जानेवारीच्या पगारात. अण्णा, एक विचारायचं होतं, मागचं चाक काढायला या हबला काही वेगळं करावं लागतं का? केबल आणि तो ब्रेकचा दांडा दोन्ही अडकलेले दिसतायत, तोडून ठेवीन अशी भीती वाटते.

फ्रँकोनियातला_अण्णा
७ डिसेंबर, संध्याकाळी ५:१५

शाब्बास. आधी गिअर एकवर टाक म्हणजे केबल सगळ्यात ढिली होते, मग हबपाशी केबलचा नट खाचेतून बाहेर काढ, ब्रेकचा दांडा फ्रेमला एका पट्टीने बांधलेला असतो तिथला स्क्रू सोड, आणि मग १५ च्या पान्याने दोन्हीकडचे चाकाचे नट. नटच्या खाली रंगीत वॉशर असतील, डाव्याचा रंग वेगळा आणि उजव्याचा वेगळा, ते कुठल्या बाजूला होते त्याचा सोडण्याआधी फोटो काढ, उलटे बसले तर गिअर लागत नाहीत. परत बसवताना त्या ब्रेकच्या दांड्याचा स्क्रू विसरू नकोस, तो राहिला तर ब्रेक लावताच दांडा गोल फिरतो आणि ब्रेक लागत नाही. पहिल्यांदा एकटीने करू नकोस, टायर आला की कळव, मी शनिवारी दुपारी पाने घेऊन येतो.

पेठेतला_सायकलवाला
७ डिसेंबर, रात्री १०:४०

आणि चाक परत बसवताना चेनचा ताण पण बघून घ्या, चेनचा मधला भाग वर-खाली अर्धा इंच हलला पाहिजे, त्याहून ताणू नका.